पाखरांचा वाटा



या व्यासपीठावरून आपण थोरामोठ्यांची व्याख्याने ऐकली आहेत. त्यांच्या पंक्तीला बसून आम्ही आज सांगणार आहोत ते काय, तर तेलाच्या रिकाम्या डब्याला खिडक्या कशा पाडाव्या, करवंटीला दोरी कशी ओवावी आणि त्यात पाखरांना दाणे कसे घालावे. विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "विडी कामगारांची आणि गिरणीतल्या हमालांची गाऱ्हाणी मांडण्यात तुमची हयात गेली, आता म्हातारपणी चिमण्यांची युनियन काढता की काय?" युनियन काढता आली असती तर फार बरे झाले असते. चिमणीला मागणीपत्र लिहिता येत नाही, संप करता येत नाही. ती न बोलता निघून जाते आणि ती गेल्याचे आपल्या ध्यानात दोन-चार वर्षांनी येते. म्हणून तिच्या वतीने बोलणे प्राप्त आहे.

आम्ही ज्या दरेकसा गावाच्या अनुभवावरून बोलतो, ते गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. हावड्याकडून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या तेथला डोंगर आणि बोगदा ओलांडून पुढे येतात. जवळच हाजरा फॉलचा धबधबा आहे. माघी पौर्णिमेला कचारगडच्या गुहांच्या यात्रेसाठी दूरदूरच्या प्रांतांतून गोंड बांधव याच स्टेशनावर उतरतात. चहूकडे सागाचे, मोहाचे, तेंदूचे रान. तेव्हा आपण म्हणाल, की मुंबई-नागपूरच्या माणसाने पाखरांना दाणे घातले तर समजू शकते. ज्या गावाच्या दारात जंगल आहे तेथे ही उठाठेव कशाला?

आक्षेप बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट निसटते. चिमणी हे रानातले पाखरू नाही. हजारो वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, तेव्हापासून ती त्याच्या संगतीने राहत आली. जेथे माणसाची वस्ती तेथे ती; वस्ती उठली की तीही उठते. मोराला, राघूला रान पुरते. चिमणीला घर लागते, आणि तेही आपलेच. लहानपणी ऐकलेल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत चिमणीपाशी स्वतःचे घर असते आणि कावळा दाराशी उभा असतो. आज चिमणीच दाराशी उभी आहे.

पूर्वी तिचे कसे चालत असे ते पाहा. आमचा मुलूख धानाचा. दिवाळीच्या सुमारास धान कापून कडपा बांधीत पसरल्या जात, मग त्यांचे भारे बांधून पुंजणे रचले जाई, पुढे सवडीने खळ्यावर चुरणी होई. कापणीपासून कोठीपर्यंत दोन-दोन महिने दाणा उघड्यावर असे. त्यातला किती सांडला, किती पाखरांनी टिपला, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. घरी धान कांडले जाई, ओसरीवर बाई सूप घेऊन पाखडायला बसली की समोर चिमण्यांची पंगत बसे. कनकी त्यांची, कोंढ्यातले किडे त्यांचे. छप्पर कवेलूंचे, कवेलू आणि बांबू यांच्या फटीत घरटे. खाली माणसाचे बाळ, वर चिमणीचे. शेजारच्या छत्तीसगडात तर धानाच्या लोंब्यांची सुरेख झालर विणून दारावर टांगतात आणि तिला चिरई-चुगनी म्हणतात. नव्या धानातला पहिला घास पाखरांचा, हा त्यातला भाव. ती झालर पाहून आम्हाला नेहमी वाटते, की जगातले सर्वांत देखणे पाखरांचे ताट आपल्या शेजारच्या निरक्षर मानल्या गेलेल्या माणसांनी केले, आणि आपण ते शोभेची वस्तू म्हणून हस्तकलेच्या दुकानातून विकत आणतो.

या सगळ्यात दानधर्म कोठेच नव्हता, हे ध्यानात घ्या. कामगार चळवळीत आम्ही एक फरक शिकलो: मालकाने खुशीने दिलेली बक्षिसी वेगळी आणि कामाच्या रीतीतच ठरून गेलेला वाटा वेगळा. बक्षिसी मालकाच्या लहरीवर असते. वाटा रीतीत असतो, तो मागावा लागत नाही. चिमणीचा होता तो वाटा.

रीत बदलली आणि वाटा गेला. आता हार्वेस्टर बांधीत उतरतो आणि एका दिवसात धान पोत्यात जाते. कांडप गिरणीत गेले, तांदूळ पिशवीत बंद होऊन आला, पाखडायचे उरले नाही. कवेलूंची घरे जाऊन सिमेंटची आली. येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पाखरांवर बोलणारे पुष्कळ लोक या ठिकाणी हळवे होतात. कवेलूचे छप्पर दिसायला गोड. परंतु दर उन्हाळ्यात ते फेरायला लागते, श्रावणात गळते, आणि त्याच्या फटीत चिमणी राहते तसा विंचूही राहतो. ज्या बाईने वीस पावसाळे गळक्या छपराखाली गंज मांडून काढले, तिला स्लॅबचे घर मिळाले तर त्याचा आम्हाला आनंदच आहे. चिमणीसाठी कोणी गळक्या घरात राहावे असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या डोक्यावर पंखा फिरतो त्याला नाही. मुद्दा एवढाच, की नवे घर बांधताना जुन्या घरातला एक भाडेकरू नोटीस न देता बाहेर काढला गेला. त्याला भरपाई द्यावी, आणि ती घरातल्या टाकाऊ वस्तूंतूनही देता येते.

इंग्रजीत या वस्तूला बर्ड फीडर म्हणतात. दरेकशाच्या एका विडी कामगार बाईंनी तिला 'पाखराचे ताट' असे नाव दिले. आम्हीही तेच वापरतो. ताट करण्याच्या तीन तऱ्हा आम्ही करून पाहिल्या.

पहिली करवंटीची. पूजेचा नारळ फुटतो, करवंटी उकिरड्यावर जाते. तिच्या काठाला सारख्या अंतरावर तीन भोके तापल्या खिळ्याने पाडावी, बुडाला एक बारीक भोक पाणी निथळण्यासाठी. सुतळीचे तीन पदर ओवून वर एक गाठ. झाले. करवंटी उन्हात तापत नाही, पावसाने कुजत नाही, आणि मुठीपेक्षा जास्त दाणा तिच्यात मावत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण; का, ते पुढे येईल. ती हलकी असल्यामुळे कबुतरासारखे जड पाखरू बसले की कलंडते आणि चिमणी बसली तर नुसती झुलते.

दुसरी तऱ्हा पाच लिटरच्या तेलाच्या प्लॅस्टिकच्या डब्याची. डबा राखेने किंवा सोड्याने आणि गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावा; तेलाचा ओशटपणा राहिला तर पिसांना लागतो आणि मुंग्या येतात. मग समोरासमोरच्या दोन बाजूंना खिडक्या कापाव्या. एकच खिडकी ठेवू नये, पाखराला पळायची दुसरी वाट दिसली पाहिजे. ती नसेल तर ते आत शिरतच नाही. खिडकीखाली तळापासून दोन-अडीच इंचांचा काठ राखावा, म्हणजे दाणा वाऱ्याने उडत नाही. कापलेली कड धारदार असते. तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवावी. तळाला सुईने सात-आठ भोके. खिडक्यांच्या जरा खाली आरपार बांबूची काडी घालावी, तिची टोके दोन्हीकडे चार बोटे बाहेर राहू द्यावी. त्यावर पाखरू बसते. वरच्या मुठीत तार अडकवून टांगावे. वरचे झाकण लावूनच ठेवावे, तेच त्याचे छप्पर. हा डबा कडक उन्हात वर्षभरात ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडू लागतात. त्याआधी तो उतरवावा. पत्र्याचा डबा मात्र आमच्याकडे वापरू नये. वैशाखात गोंदियाचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात पत्र्याला आपण हात लावू शकत नाही, पाखराने पाय कसा ठेवावा?

तिसरी तऱ्हा आम्हाला सर्वांत आवडते. फुटके सूप घ्यावे, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधून ओसरीच्या वाशाला आडवे टांगावे. त्याच्या विणीतून पाणी आपोआप निथळते, आणि उघड्या ताटावर पाखरांना चहूकडचे दिसते. पण सूप धान पाखडण्याचे असावे. विड्या वळताना मांडीवर असते ते सूप घेऊ नये. त्याच्या विणीत जर्दा मुरलेला असतो आणि तंबाखू हे विष आहे. हे आम्ही विडी कामगारांच्या बैठकीत सांगितले तेव्हा एक बाई हसून म्हणाल्या, "म्हणजे पाखरासाठी वाईट, अन् आमच्या मांडीवर चालते!" बैठक त्यानंतर तासभर पाखरांवर राहिली नाही, हे सांगायला नको.

विषाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू, कारण चांगल्या हेतूने केलेले ताट पाखराचा जीव घेऊ शकते. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नये. रंगाचा घेऊ नये. पेरणीनंतर पिशवीत उरलेले लाल-गुलाबी रंगाचे बियाणे पाखरांना घालू नये. तो रंग शोभेचा नसून बुरशीनाशक औषध चोळल्याची खूण आहे. आणि गोदामातले झाडण आणू नये. हे शेवटचे आमच्या हमाल बांधवांसाठी. गोदामात कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. त्यांची राख झाडणात मिसळलेली असू शकते. ते झाडण कोंबड्यांनाही घालू नका, घरी तर आणूच नका.

दाणा कोणता? कनकी उत्तम. बाजरी, ज्वारीची भरड, कोदो-कुटकी मिळाली तर मुनिया येतात. पिकलेल्या केळ्याचा किंवा पपईचा तुकडा ठेवला तर बुलबुल येतो. फरसाण, बिस्किटे, मिठाचे काही नको. शिळा भात उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो, म्हणून टाळावा.

आता पाणी. पहिली ताटे टांगून झाल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्या आईने आमच्याकडे पाहून विचारले, "दाना त बांधीत बी भेटते भाऊ, पानी कोठी भेटते?" एवढ्या एका प्रश्नाने आमचा कार्यक्रम बदलला. फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात, नाले आटल्यावर, दाण्यापेक्षा पाण्याची निकड मोठी असते, आणि दाणे खाणाऱ्या पाखराला पाणी जास्तच लागते. त्यासाठी मातीचे पसरट भांडे घ्यावे, तडकलेल्या माठाचे बूडही चालते. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नसावे. मधोमध एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही आणि मधमाशीही पाणी पिऊन जाते. पाणी रोज ओतून द्यावे आणि भांडे घासावे. डासाची अंडी घातल्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. रोज ओतलेल्या पाण्यात डास होत नाही. आमचा पट्टा जंगलाचा आहे, हिवतापाशी आमची ओळख जुनी. पाखरांसाठी ठेवलेल्या पाण्यातून माणसाला ताप आला, तर पुढच्या वर्षी कोणी पाणी ठेवणार नाही.

हे घासण्याचे काम कोणाचे, हाही प्रश्न आहे. विडीची मजुरी हजारावर मिळते. वळणारीचे दहा मिनिट म्हणजे तिची मजुरी. ताट पुरुषांनी टांगायचे, त्याचा फोटो काढायचा आणि रोजची घासपूस घरच्या बाईने करायची, असे झाले तर आमच्या हिशेबी एका पाखराच्या सुखासाठी एका कामगारावर बिनपगारी काम चढले. म्हणून ज्याने टांगले त्यानेच घासावे. दरेकशात आम्ही हे काम शाळकरी मुलांकडे दिले. त्यांना ते आवडते, आणि त्यांच्यामुळे कोणते पाखरू केव्हा आले ते आम्हाला कळते.

करवंटीत मुठीपेक्षा जास्त मावत नाही हा गुण म्हटला, त्याचे कारण असे. सकाळी घातलेला दाणा दुपारपर्यंत संपेल एवढाच घालावा. रात्री राहिलेल्या दाण्यावर उंदीर येतो, आणि आमच्या भागात उंदरामागून मण्यार येते. जेथे माणसे उन्हाळ्यात ओसरीवर खाली निजतात तेथे ही चेष्टेची गोष्ट नाही. ताट माणसाच्या डोक्याहून उंच असावे, भिंतीपासून हातभर दूर, मांजराला उडी मारता येणार नाही असे. आणि निजायच्या जागेच्या वर तर कधीच नसावे.

दाणा अमाप घातला म्हणजे काय होते ते मुंबईने पाहिले. तेथल्या कबुतरखान्यांत पोत्यांनी दाणा पडे. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचे विकार होतात या कारणाने ते बंद करण्याचा आदेश २०२५ च्या जुलैमध्ये निघाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्टमध्ये दादरला त्यावरून मोठे आंदोलन झाले. श्रद्धेचा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. आम्हाला दिसते ते एवढेच, की पुण्य एकाच्या पदरी जमा होते, झाडलोट दुसऱ्याच्या वाट्याला येते आणि खोकला तिसऱ्याच्या. पाखरांच्याही दृष्टीने गर्दी वाईटच. ब्रिटनमध्ये घरोघरी बागेत दाणा टांगण्याची जुनी रीत आहे. तेथे २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या पाखरात घशाचा एक रोग पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने घटली. एका पाखराची लाळ लागलेला दाणा दुसऱ्याने खाल्ला की रोग लागतो, आणि घाणेरडे ताट म्हणजे त्या रोगाची सार्वजनिक खाणावळ. आठवड्यातून एकदा ताट उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. आजारी, पिसे फुगवून बसलेले पाखरू दिसले तर पंधरा दिवस दाणा बंद.

महाराष्ट्रात या कामाला वळण लावणाऱ्यांत नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांनी चिमण्यांसाठी लाकडी घरटी आणि दाण्याची पात्रे करून लोकांपर्यंत पोहोचविली; त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. येथे एक खुलासा करतो. चिमणी साऱ्या देशातून नाहीशी होत चालली आहे असे सरसकट म्हटले जाते, ते तसे नाही. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली निघालेल्या अहवालात, देशाचा एकंदर विचार करता चिमणीची संख्या जवळपास स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे, असे आढळले. म्हणजे चिमणी अजून आहे. आपल्या अंगणातून ती गेली असेल तर ती परत येऊ शकते. आमच्या मते हे कारण भीतीपेक्षा जास्त कामाला लावणारे आहे.

पण ताटाने तिचे कुटुंब वाढत नाही. चिमणीची पिले दाण्यावर जगत नाहीत. पहिले काही दिवस त्यांना अळ्या-किडेच लागतात. चीनमध्ये १९५८ साली माओच्या राजवटीने धान्य खाते म्हणून चिमणीला शत्रू ठरविले. लोकांनी थाळ्या बडवून तिला बसू दिले नाही, ती थकून आकाशातून पडली. मग शेतात किडी माजल्या, आणि १९६० साली त्या चार शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे घालावे लागले. तोवर दुष्काळ पडला होता. त्याची कारणे पुष्कळ होती, त्यांत हे एक. म्हणून सांदवाडीत मेंदीचे किंवा अडुळशाचे कुंपण राखा आणि त्यावर फवारा मारू नका. घरट्यासाठी लाकडी खोक्याला सव्वा इंचाचे भोक पाडून ते सावलीत, पूर्वेकडे तोंड करून ठोका. पुठ्ठ्याचे खोके एक उन्हाळा टिकते, पावसाळ्यात लगदा होतो.

आमच्याच जिल्ह्यात नवेगावबांधला वनाधिकारी असताना मारुती चितमपल्ली यांनी पाखरांची नावे आणि सवयी तळ्याकाठच्या आणि रानातल्या लोकांकडून गोळा केल्या आणि मराठीला दिल्या. २०२५ साली त्यांचे निधन झाले. ज्यांच्याकडून ती नावे आली त्यांतले पुष्कळ अंगठेबहाद्दर होते. त्यांना सारस कळत होता. तो सारस आज महाराष्ट्रात मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या बांध्यांतून आणि तळ्यांवर उरला आहे, आणि त्याला करवंटीतल्या कनकीचा काही उपयोग नाही. त्याला बिनविषाची बांधी, ओले तळे आणि जमिनीपासून उंच असलेल्या विजेच्या तारा हव्यात. त्या मागण्यांसाठी सूप आणि सुतळी पुरणार नाही; तेथे ग्रामसभेत उठून बोलावे लागेल, अर्ज करावे लागतील, आणि त्या कामाची आम्हाला थोडी सवय आहे.

तिन्ही तऱ्हांचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत, हात लावून पाहण्यास हरकत नाही. करवंटीच्या दहा जोड्या दरेकशाच्या मुलांनी पाठविल्या आहेत, त्या ज्यांना हव्या त्यांनी न्याव्या. सुतळी मात्र घरची लावावी. तेलाचा डबा कापून दाखवायचा राहिला आहे, तो प्रश्नोत्तरांनंतर येथेच कापू.